प्रागमध्ये माझ्या मैत्रिणीचे सव्वादोनशे युरो गेले, आणि ते माझ्यामुळे गेले

बाहेर शिकायला चाललेल्या आपल्या कोकणातल्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी लिहितेय. थोडं लांबलंय पण वाचा.

मी सध्या सुट्टीत गुहागरला घरी आलेय. परवा वाडीतली काकू मुलाला घेऊन आली, तो ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जर्मनीला चाललाय. ओटीवर बसून चहा झाला, थंडीचे कपडे, मसाले, कुकर सगळं विचारून झालं आणि मग काकू म्हणाली, "बाय, रोख युरो किती देऊ गो बरोबर? हजारेक देते, पोराच्या हातात पैसे असलेले बरे." मला पटकन बोलताच येईना. कारण अगदी हेच वाक्य माझ्या मैत्रिणीच्या आईने म्हटलं होतं, आणि त्या पैशांचं काय झालं ते तिला अजून माहिती नाहीये.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करते. तिथून प्राग, म्हणजे चेक देशाची राजधानी, ट्रेनने साधारण अडीच तास. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये सिनियर लोकांबरोबर पहिल्यांदा गेले आणि त्या शहराच्या प्रेमातच पडले. एकतर तो रस्ता, ट्रेन नदीच्या कडेकडेने जाते, एका बाजूला डोंगर, खाली पाणी, मला तर चिपळूणजवळची वाशिष्ठीच आठवली, कोकण रेल्वेच्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं. जर्मनीत तिला एल्बे म्हणतात, बॉर्डर ओलांडली की तीच लाबे होते. आणि मग ते गाव. १३५७ ला बांधायला घेतलेला चार्ल्स ब्रिज, त्यावर सकाळी सातला गेलात तर धुकं आणि तुम्ही, बाकी कोणी नाही. टाऊन हॉलच्या भिंतीवरचं १४१० सालचं घड्याळ, दर तासाला वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि बारा प्रेषितांच्या मूर्ती एकेक करून दर्शन देऊन जातात. घरापासून इतक्या लांब राहून पहिल्यांदा कुठे मन रमलं असेल तर ते तिथे.

त्याच ट्रिपला एका सिनियर दादाने शिकवलेलं की इथे युरो चालत नाही, कोरुना चालतो, एका युरोला साधारण पंचवीस. आणि ही जी पैसे बदलायची दुकानं दिसतात ना गल्लोगल्ली, झिरो कमिशन लिहिलेली, तिथे जायचं नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरात जो भाव असतो तो ते युरो *विकतात* तो, तुमच्याकडून *घेतात* तो भाव खाली बारीक, आणि तो खूपच कमी. हे मी नीट लक्षात ठेवलं. पुढे जे झालं ते ह्या लक्षात ठेवण्यामुळेच झालं, म्हणून आधी सांगितलं.

डिसेंबर २०२४ ला माझी मैत्रीण आली. ती दापोली तालुक्यातली, आम्ही रत्नागिरीला कॉलेजला एकत्र होतो, एकाच खोलीत तीन वर्षं. आता ती मिलानला शिकते. ख्रिसमसची सुट्टी होती, मी तिला म्हटलं तू फक्त ये, प्राग मी दाखवते, मला सगळं माहितीये. हे "मला सगळं माहितीये" मी त्या दोन दिवसांत किती वेळा म्हटलं असेन देव जाणे.

तिच्याकडे ३०० युरो रोख होते. निघताना आईने दिलेले. तिची आई बचत गट चालवते, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी, मे महिन्यात रात्री दीड-दोनपर्यंत ताटांवर रस पसरत बसते, मी स्वतः बघितलंय, तिच्याबरोबर बसलेय. ते पैसे अडीनडीला म्हणून ठेवलेले आणि मैत्रिणीने दीड वर्ष हात लावला नव्हता. ह्या ट्रिपला म्हणाली की मी यातून भाच्यासाठी लाकडी बाहुली घेते, दोऱ्यांवर नाचणारी, प्रागला त्या फार सुंदर मिळतात, आणि आईला एक शाल. बाजारातल्या काही स्टॉलवर कार्ड घेत नाहीत म्हणून कोरुना हवेच होते.

संध्याकाळी साडेचार-पाच, तिकडे तेव्हा पूर्ण अंधार झालेला असतो. आम्ही जुन्या चौकाकडे निघालो, वाटेत एक पैसे बदलायचं दुकान लागलं, ती थांबली, मी लगेच हात धरून तिला बोर्ड समजावायला लागले, की बघ वर २५ लिहिलंय पण खाली बघ, १९ की काहीतरी. आम्ही मराठीतच बोलत होतो पण बोटं कुठे दाखवतोय ते कोणालाही कळलं असतं. आणि ते एका माणसाला बरोबर कळलं.

चाळिशीचा असेल, चांगलं जॅकेट, इंग्लिश साफ. जवळ आला आणि म्हणाला, इथे बदलू नका, हे लोक फसवतात. मोबाईलवर गुगलचा भाव काढून दाखवला, पंचवीस पॉइंट काहीतरी. म्हणाला मला परवा जर्मनीला गाडी बघायला जायचंय, मला युरो हवेत, बँक कमिशन घेते, तुम्हाला कोरुना हवेत, मी सरळ पंचवीसने देतो, दोघांचा फायदा.

आता बघा, त्याने काय केलं. मला जे माहिती होतं तेच त्याने मला सांगितलं. दुकानवाला चोर, हे माझ्या मनात आधीच पक्कं होतं, मग जो माणूस तेच म्हणतो तो आपल्या बाजूचा वाटणारच ना. त्याने जास्त भाव दिला असता, सत्तावीस-अठ्ठावीस म्हणाला असता तर कदाचित मला संशय आला असता. तो अगदी बरोबर भाव बोलला. मैत्रीण मला हळूच म्हणाली, "अगो, रस्त्यावर नको." आणि मी तिला म्हटलं, चल गं, मला कळतं. हे वाक्य माझ्या कानातून जात नाही.

३०० गुणिले २५, साडेसात हजार. त्याने खिशातून जाड पुडकं काढलं आणि एक हजाराची नोट माझ्या हातात दिली, म्हणाला चेक करा, नीट चेक करा. मी दिव्याकडे धरून बघितली, आतलं चित्र दिसलं, नोटेतला चकाकता दोरा दिसला, खरी होती. ती खरीच होती! मग त्याने ती परत घेऊन वर ठेवली आणि पुडक्यातून बाकीच्या भराभर मोजल्या, वरची धरून हजाराच्या सात आणि पाचशेची एक, मोजताना मला कडेचे १००० चे आकडे दिसत होते. तेवढ्यात मागून दुसरा एक माणूस चालत आला आणि काहीतरी बोलला, त्यात "पोलिस" एवढा शब्द कळला, ह्याने झटकन नोटांची घडी घालून मैत्रिणीच्या मुठीत कोंबली, तिच्या हातातले युरो घेतले आणि दोघं दोन दिशांना गेले. सगळं मिळून दोन मिनिटं पण नाही लागली.

आम्हाला काही वाटलं नाही हो. घडीत बाहेरच्या बाजूला पाचशेची होती, तीच काढून आम्ही तो गोल भाजलेला साखर लावलेला ट्रडेलनिक घेतला, सुट्टे पैसे परत आले, म्हणजे सगळं ठीक असंच वाटलं. सहाचं घड्याळ बघितलं, फोटो काढले. तासभर आम्ही खुशीत फिरलो.

मग बाहुल्यांचा स्टॉल. तिने एक आजोबा बाहुली निवडली, पांढऱ्या मिशावाली, खूप वेळ लावून. घडीतली एक नोट दिली. स्टॉलवरच्या बाईने नोट बघितली, आमच्याकडे बघितलं आणि नोट परत टेबलावर ठेवली. ओरडली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "फोरिंट. हंगेरी." आणि बाहुली हळूच स्वतःकडे ओढून घेतली.

बाजूला एका बाकावर बसून आम्ही नोटा पसरल्या. वरची एक, मी तपासलेली, चेक हजाराची, जांभळट, त्यावर पालात्स्की नावाचा त्यांचा इतिहासकार आहे आणि *कोरुन चेस्कीख* असं लिहिलेलं असतं. खालच्या सहा निळसर, लांब केसांच्या राजाचं चित्र, आणि *एझर फोरिंट*. एझर म्हणजे हंगेरियन भाषेत हजार. आकडा तोच, १०००. पण चेक हजार म्हणजे चाळीस युरो, आणि हंगेरीचे हजार म्हणजे अडीच युरोच्या आसपास. सहा नोटा मिळून पंधरा युरो पण धड नाहीत. म्हणजे तीनशेतले सव्वादोनशे गेले, तेव्हाच्या भावाने आपले वीस हजार रुपये. उजेडात शेजारी ठेवल्या तर लहान मूल पण सांगेल की ह्या दोन वेगळ्या देशांच्या नोटा आहेत. पिवळ्या दिव्याखाली, घाईत, मी फक्त शून्यं मोजली.

मैत्रीण मला एक शब्द बोलली नाही. नोटा परत घडी करून ठेवल्या आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस." ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पोलिसांकडे गेलो. तिकडे पोलिसांचा नंबर १५८, आणि युरोपात कुठेही ११२ चालतो, हे दोन्ही फोनमध्ये ठेवा. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वर्णन लिहून घेतलं. रस्त्यावर असे पैसे बदलून देणं तिथे बेकायदाच आहे, पण माणूस गेला म्हणजे गेला. आणि मग मला जे कळलं त्याने जास्त वाईट वाटलं. ती जी दुकानं, ज्यांना मी घाबरत होते, त्यांच्यासाठी एप्रिल २०१९ पासून कायदा आहे, की पावती असेल तर तीन तासांच्या आत तुम्ही व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकता, १००० युरोपर्यंत. म्हणजे त्या दुकानात वाईट भावाने बदलले असते तरी परत मिळाले असते. रस्त्यावरच्या माणसाची पावती कुठून आणणार.

ड्रेस्डेनला परत आल्यावर मी ग्रुपमध्ये सांगितलं. तर दोघेजण म्हणाले आमचं पण झालंय. एकाला बेलारूसचे जुने रूबल दिलेले, ते तर २०१६ मध्येच बदलून टाकलेत, आता त्यांची किंमत शून्य. मी विचारलं मग इतके दिवस बोलला का नाहीत? लाज वाटली म्हणे. मला तेव्हा खूप राग आला. मला दुकानाचा बोर्ड समजावणारे भेटले, पण रस्त्यावरच्या माणसाबद्दल एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी मैत्रिणीच्या आईचे पैसे वाचले असते. म्हणून मी लिहितेय, मला कोण काय म्हणेल त्याची आता पर्वा नाही.

तर वाडीतल्या काकूला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. रोख थोडीच द्या, शे-दोनशे युरो पहिल्या आठवड्यापुरते, बाकी कार्डावर. दुसऱ्या देशात फिरायला गेलात तर तिथल्या एखाद्या खऱ्या बँकेच्या एटीएममधून लागतील तेवढे काढा, आणि मशीनने विचारलं की युरोमध्ये किंवा रुपयांत कन्व्हर्ट करू का, तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात घ्या, नाहीतर ते स्वतःचा भाव लावतात. जायच्या आधी तिथल्या नोटांचे फोटो बघून घ्या, कुठलं चित्र, कुठलं नाव, दोन मिनिटं लागतात. कोणी स्वतःहून येऊन तुम्हाला दुसऱ्याच्या फसवणुकीबद्दल सावध करायला लागला तर तिथून चालू पडा, मग तो कितीही खरं बोलत असला तरी. आणि बरोबरचं माणूस "नको" म्हणालं तर थांबा. हे मी काकूच्या मुलाला दोनदा सांगितलं.

त्या सहा नोटांपैकी एक माझ्याकडे आहे, ती मी त्यांना दाखवली. काकूने ती उलटसुलट करून बघितली, चष्मा काढून परत लावला, आणि म्हणाली, "ह्यावर तर एक हजारच लिहिलंय की गो." मुलाने फोटो काढून घेतला.

प्रागवर माझा राग नाहीये. तो चौक, तो पूल अजून तितकाच आवडतो, आणि ती बाहुली घ्यायला आम्ही दोघी परत जाणार आहोत, माझ्या पैशांनी. मी कॅन्टीनमध्ये काम करून तिचे १२० युरो परत केलेत, ती पुढचे घ्यायला तयार नाहीये, ते आमचं भांडण चालूच आहे.

पण कालच तिचा मिलानहून फोन आला आणि ती म्हणाली की तू सांग आईला, माझ्याने होत नाही. म्हणून उद्या सकाळी धोपाव्याला जाऊन पहिली फेरीबोट पकडतेय, दाभोळला उतरून पुढे एसटीने. मे महिना आहे, तिची आई ताटांवर रस पसरत बसली असेल, मी पण बसेन तिच्याबरोबर. नोट पर्समध्ये ठेवलीय.