सोलापूरचा धुरळा, बोअरचं पाणी आणि आमची एसयूव्ही : वापरानंतरचा अनुभव

गाडी सात सीटांची, डिझेल, रंग गडद निळा. रोजचं काम म्हणजे मुलांची शाळा, मंडई, होटगी रोडवरचं ऑफिस. अधूनमधून सासूबाईंना घेऊन अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, आणि कधीतरी पुणे. मागच्या दिवाळीपासून गाडीची बाहेरची निगा मीच राखते आणि सर्व्हिसिंगला जॉब कार्डही, म्हणजे करायच्या कामांची यादी, समोर बसून लिहून घेते. ऊसतोडीचा हंगाम, उन्हाळा आणि पावसाळा पाहून झाल्यावर माझं मत पक्कं झालंय. आपल्याकडे गाडीची वाट पाऊस लावत नाही, धुरळा आणि क्षाराचं पाणी लावतं. मुंबईच्या हवेसाठी ठरवलेली निगा इथे जशीच्या तशी चालत नाही.

सर्वात आधी बंद केलं ते सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसणं. जुळे सोलापुरात जवळपास प्रत्येक सोसायटीत हे चालतं. रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि आपल्या धुळीतले वाळूचे बारीक कण त्याच्यापेक्षा कठीण. कोरडं फडकं तेच कण रंगावर घासत नेतं. गडद गाडी उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते यामुळेच. धूळ दोन दिवस बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. घाई बिघडवते.

पण धुवायचं कशानं? नळाला पाणी रोज येत नाही, आणि आलेलं उजनी धरणाचं पाणी गाडीवर ओतायला मन धजत नाही. बोअरचं पाणी जड. ते पत्र्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि एप्रिल-मेच्या चाळीसच्या वरच्या उन्हात अक्षरशः भाजून बसतात. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी वापरा असं सगळेच सांगतात, पण त्यात क्षार बोअरपेक्षाही जास्त असतात. ते मी पायपुसण्या आणि अंगण धुवायला ठेवते. रंगासाठी पावसाळ्यात पन्हळीखालच्या पिंपातलं पाणी, एरवी आरओचं गाळलेलं. एक बादली पुरते, कारण मी रिन्सलेस वॉश वापरते, म्हणजे पाण्यात मिसळायचं असं द्रावण, ज्यानं पुसल्यावर गाडी पुन्हा पाण्यानं धुवावी लागत नाही.

त्याची पद्धत अशी. गाडी सावलीत आणि बोनेट थंड असताना, म्हणजे सकाळी सातच्या आत. बादलीतल्या पाण्यात हे द्रावण मिसळायचं आणि त्यातलंच स्प्रेच्या बाटलीत भरून आधी एका पॅनेलवर भरपूर मारायचं. मिनिटभर थांबायचं, म्हणजे धूळ सुटते. मग भिजलेलं मायक्रोफायबर फडकं दोनदा दुमडायचं. त्याच्या आठ बाजू होतात. हात एकाच दिशेनं, न दाबता फिरवायचा, आणि एक बाजू मळली की दुसरी घ्यायची. मळलेली बाजू परत रंगाला लावायची नाही. छतापासून खाली यायचं, आणि दारांचा खालचा भाग व काळं क्लॅडिंग (कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) शेवटी, वेगळ्या फडक्यानं. लगेच कोरडं करायचं. सोलापुरी टेरी टॉवेल घरोघरी असतो आणि अंग पुसायला त्याला तोड नाही, पण जड पाण्यात धुऊन धुऊन सुती टॉवेल रखरखीत होतो, म्हणून दारांच्या चौकटींसाठीच वापरते.

पावसाळ्यात शेताकडच्या रस्त्यानं काळी माती चाकांच्या कमानीत गच्च भरते. ही माती वाळायच्या आत काढायला हवी, कारण ती ओल धरून ठेवते. इथे मात्र वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंपच कामाचा, तोही फक्त खालून. क्षाराचे ठिपके पडलेच, तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी फडक्यावर घेऊन मिनिटभर टेकवायचं आणि धुऊन टाकायचं. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढा. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या पत्र्यावर डाग आत उतरतो.

सनरूफ असलेल्यांनी हे नक्की करा. काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. कडुनिंबाखाली गाडी लावली की पानं आणि धूळ मिळून तिथे चिखल होतो. मृगाच्या पहिल्या सरीत आमच्या पुढच्या खांबाच्या अस्तरातून थेंब गळायला लागले. गॅरेजवाल्यानं अर्धा पेला पाणी कोपऱ्यात ओतून दाखवलं : पाणी पुढच्या चाकाजवळ खाली पडलं तर नळी मोकळी, नाहीतर तुंबलेली. ती लवचीक तारेनं हळू मोकळी करायची. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारली तर आत नळी निसटू शकते. आता मे संपता संपता मी ही पेल्याची परीक्षा घेतेच.

इंजिनचं म्हणाल तर एअर फिल्टर सर्व्हिसची वाट न पाहता उघडून बघते. धुळीच्या भागात तो लवकर बदला, असं गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं, ते पान कुणी वाचत नाही. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो, आमचा स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतो. कारखान्यांचा हंगाम सरला तेव्हा आमचा काळा पडला होता आणि एसीची हवा निम्मी झाली होती. रेडिएटरसमोरच्या एसीच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उसाचं पाचट अडकतं. ते साध्या पाइपच्या धारेनं काढा, प्रेशरनं पाती वाकतात. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, बोअरचं पाणी कधीच नको. टायरची हवा थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरमध्ये, काजळी साठते, तुळजापूरची ४५ किलोमीटरची सलग धाव तिच्यासाठीही चांगली.

सर्व्हिस सेंटरनं मागच्या वेळी इंजिन डीकार्बनायझेशन (आतली काजळी साफ करणं) आणि सुगंधी इंटिरियर ट्रीटमेंट न विचारता अंदाजपत्रकात घातली होती. पुस्तिकेत दोन्ही नव्हती, मी काढायला लावली. जुने बदललेले पार्ट दाखवायला सांगा, हा आपला हक्क आहे.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराबद्दल, बरेच जण विचारतात. धूळ सहज सुटते, चमक टिकते, हे खरं. पण त्यानं ओरखडे थांबत नाहीत आणि बोअरचे ठिपकेही पडतातच. धुण्याची पद्धत बदलणार नसाल तर पैसे वाया. मी साधं मेण लावते, दर दोन-तीन महिन्यांनी, काळं क्लॅडिंग वगळून, कारण तिथे मेण पांढरट दिसतं. खर्च करायचाच तर पुणे हायवेवरचे खडे बसतात त्या बोनेटच्या पुढच्या कडेला आणि बंपरला पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म, लावून घ्या. आमच्या निळ्या रंगावर तिथेच टवके उडालेत, बाकी गाडी अजून नितळ आहे.