नावावरून माणूस शोधण्याची साधनं: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

काम एकच होतं: लेखक, अनुवादक, तज्ज्ञ म्हणून ज्यांची नावं पुढे येतात, ती माणसं स्वतःबद्दल सांगतात तीच आहेत का, हे तपासणं. वापरलेली जवळजवळ सगळी साधनं फुकट आहेत. माहिती सापडायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो सापडलेल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवण्यात, आणि साधनाचा कस तिथेच लागतो.

सुरुवात साध्या गूगल शोधापासून. नाव दुहेरी अवतरणात टाकायचं हे बहुतेकांना माहीत असतं, पण तेवढ्याने भागत नाही. ग्रंथालयांच्या सूचीत आणि प्रबंधांच्या याद्यांत आडनाव आधी येतं, कार्यक्रमपत्रिकेत मधलं नाव घुसतं, आणि अवतरणातला शोध ही दोन्ही पानं सोडून देतो. म्हणून एका नावाचे किमान तीन शोध घ्यायचे: सरळ क्रम, आडनाव आधी, आणि नाव-आडनावाच्या मध्ये तारका. तारकेच्या जागी एक किंवा अधिक शब्द चालतात. मग त्यात एकच संदर्भशब्द जोडायचा: विषय, संस्था किंवा गाव. पहिल्याच शोधात चार शब्द कोंबले की कामाची पानं गळतात.

त्याच नावाचा कुणी प्रसिद्ध माणूस असेल तर नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लागतं. चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही. ‘साइट’ (एकाच साइटवर शोध) आणि ‘फाइलटाइप’ (एकाच प्रकारच्या फाइलींत शोध) या ऑपरेटरांतही अपूर्णविरामानंतर (:) जागा नको, आणि ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. वजा शब्द एकेक करून वाढवा. ‘क्रिकेट’ वजा केलं तर ज्या पानाच्या कोपऱ्यात क्रिकेटची एखादी बातमी आहे ते पानही जातं, मग आपला माणूस त्याच पानावर का असेना. गूगल देतं तो निकालांचा हजारांचा आकडा हा अंदाज असतो. त्यावरून कुणाची प्रसिद्धी मोजू नये. शेवटच्या पानापर्यंत गेलं की खरे निकाल कितीतरी कमी निघतात.

लिपी बदलली की नाव बदलतं. रशियन संगीतकार चायकोव्हस्की इंग्रजी पुस्तकांत ‘टी-सी-एच’ने सुरू होतो, जर्मनमध्ये ‘टी-एस-सी-एच’ने, पोलिशमध्ये ‘सी-झेड’ने. इंग्रजी स्पेलिंग अवतरणात टाकलं की जर्मन पानं हाती लागत नाहीत. देवनागरीतही ‘अनंत’ आणि ‘अनन्त’ हे दोन वेगळे शोध समजून चालावं. सगळी रूपं स्वतः आठवत बसण्यापेक्षा विकिडेटा उघडावं. २०१२ साली सुरू झालेल्या या साठ्यात एका माणसाची वेगवेगळ्या भाषांतली नावं आणि टोपणनावं एकाच पानावर असतात. पुस्तक लिहिलेल्या माणसासाठी व्हीआयएएफ ही ग्रंथालयांची सामायिक नामसूची त्याहून उपयोगी, कारण अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी तेच नाव कसकसं नोंदवलं ते तिथे शेजारीशेजारी दिसतं. अर्थात दोन्हीकडे चुकाही आहेत, आणि त्यातली सगळ्यांत त्रासदायक म्हणजे एकाच नावाच्या दोन माणसांची झालेली सरमिसळ. कार्यकाळ सत्तर-ऐंशी वर्षांचा दिसला किंवा विषय भलतेच विखुरलेले दिसले, की तीच शंका आधी घ्यावी.

पीडीएफमधला शोध हा या कामातला सगळ्यांत मोठा साठा आणि सगळ्यांत मोठा सापळाही. परिषदांच्या पत्रिका, समित्यांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल यांत माणसाचा खरा हुद्दा आणि साल सापडतं. पण युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलमध्ये डोळ्यांना नाव दिसतं आणि आत भलतीच अक्षरं साठवलेली असतात. तपासायला सोपं आहे: नाव सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य अक्षरं उमटली तर ती फाइल शोधात येणार नाही. ती उघडून पानोपान वाचण्यावाचून इलाज नाही. ओळीच्या शेवटी तुटलेलं नावही असंच निसटतं.

आता वेबॅक मशीन, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रतींचा साठा. आठ महिन्यांत सर्वाधिक भरवशाचं ठरलेलं साधन हेच. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने १९९६पासून जमवलेली पानं २००१पासून सगळ्यांना खुली आहेत. संस्थेच्या कर्मचारी-यादीचं आजचं पान माणूस आज तिथे आहे का एवढंच सांगतं. जुन्या प्रतींवरून तो कधी आला, कधी गेला आणि हुद्दा कधी बदलला हे कळतं. पानाचा पत्ता टाकल्यावर दिसणाऱ्या कॅलेंडरमधल्या ठिपक्यांचे रंग वाचायला शिका. निळा म्हणजे पान नीट साठवलं, हिरवा म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर वळवलं, नारिंगी म्हणजे पान मिळालं नाही, लाल म्हणजे सर्व्हरचीच चूक. निळ्यापासून सुरुवात करावी.

प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे असतात. समजा ते २०१९०३१४०८२६१५ असे आहेत: २०१९, मार्चची १४ तारीख, ८ वाजून २६ मिनिटं, १५ सेकंद, आणि ही वेळ जागतिक प्रमाणवेळ. ही तारीख पान साठवल्याची, लिहिल्याची नाही. आणखी एक बारकावा: पानावरचे फोटो वेगळ्या दिवशी साठवलेले असू शकतात, त्यामुळे २०१९च्या पानावर २०२१चा चेहरा दिसू शकतो. फोटोवर उजवी क्लिक करून तो वेगळ्या टॅबमध्ये उघडला की त्याचे स्वतःचे चौदा आकडे दिसतात.

फोटोवरून शोधायला टिनआय आणि गूगल लेन्स दोन्ही लागतात, कारण दोघांचं काम वेगळं आहे. टिनआय तोच फोटो शोधतं: कापलेला, लहान केलेला, रंग बदललेला. निकाल ‘सर्वांत जुना आधी’ असे लावता येतात. चोरलेल्या प्रोफाइल फोटोचं मूळ हुडकायला हे फार कामाचं. मात्र तिथली तारीख टिनआयला तो फोटो प्रथम कधी दिसला याची असते. लेन्स सारखे दिसणारे फोटोही पुढे करतं, त्यामुळे तिथला चेहरा तोच आहे असं कधीही धरू नये. निकाल आला नाही तर फोटो आडवा उलटवून पुन्हा टाका, मग चेहरा वगळून फक्त पार्श्वभूमी कापून टाका. पार्श्वभूमीवरून कार्यक्रमाचा मूळ फोटो बऱ्याचदा हाती लागतो.

काहीच सापडलं नाही म्हणजे फोटो अस्सल, असं मुळीच नाही. संगणकाने बनवलेल्या चेहऱ्याची आधीची प्रत जगात नसतेच. जुन्या स्टाइलगॅन पद्धतीच्या चेहऱ्यांत डोळे चौकटीत ठरलेल्या जागीच येत, म्हणून दोन-चार प्रोफाइल एकावर एक ठेवून पाहता यायची. नव्या पद्धतींना ही कसोटी लागू पडत नाही.

चेहऱ्यावरून ओळख पटवून देणाऱ्या सेवा या कामातून ठरवून बाहेर ठेवल्या आहेत. रस्त्यात काढलेल्या फोटोवरून कुणाही अनोळखी माणसाचं नाव काढता येणं ही भयंकर गोष्ट आहे, आणि पडताळणीला तिची गरजही पडत नाही.

संशोधकांसाठी ऑर्किड हा ओळखक्रमांक पाहावा. सोळा अंकांचा हा क्रमांक नामसाधर्म्याचा घोळ मिटवतो. नोंद कुणीही स्वतः भरू शकतो, म्हणून प्रत्येक लेखाखाली ‘स्रोत’ कुणाचा आहे ते वाचा. प्रकाशकाकडून आलेल्या नोंदीला जास्त वजन द्यावं.

डोमेन कुणाच्या नावावर आहे हे पाहण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. २५ मे २०१८ रोजी युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यापासून मालकांची नावं बहुतेक झाकलेली असतात. नोंदणीची तारीख तेवढी कामाला येते. पैसे घेऊन ‘संपूर्ण अहवाल’ देणाऱ्या साइट्सवर माहिती कुठून आली हेच लिहिलेलं नसेल तर ती पुराव्यात धरता येत नाही, म्हणून त्या पहिल्याच महिन्यात बंद केल्या.

ओळख पक्की करायला नावाखेरीज दोन स्वतंत्र जुळण्या लागतात. पाच साइटवर एकच परिचय शब्दशः असेल तर ती एकच जुळणी. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. प्रत्येक नोंदीसोबत पत्ता, पाहिल्याची तारीख, वापरलेला शोध आणि ‘हाच माणूस का’ याचं एका ओळीतलं कारण लिहून ठेवावं. पान नाहीसं होण्याची भीती असेल तर वेबॅकच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाकावा, मात्र कुणाचा फोन नंबर किंवा घरचा पत्ता असलेलं पान असं साठवू नये, कारण ते सगळ्यांना खुलं होतं.

हीच साधनं स्वतःच्या नावावर चालवली आणि नको ती माहिती सापडली, तर आधी मूळ साइटला लिहा. शोधनिकालातून दुवा निघाला तरी पान तिथेच राहतं. युरोपीय न्यायालयाच्या १३ मे २०१४च्या निकालाने मिळालेला, शोधनिकालातून दुवा काढून घेण्याचा हक्कसुद्धा नावाने केलेल्या शोधापुरताच आहे. साइटने मजकूर काढला आणि गूगलमध्ये जुना उतारा तसाच दिसत राहिला, तर जुनी माहिती ताजी करून घेण्यासाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे. त्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि पानावरून गेलेला नेमका शब्द भरायचा.