एरंगेल की सनहोक: चौघांच्या स्क्वॉडला कोणता मॅप?

कापसाची वेचणी आटोपली की आर्वीकडच्या गावांत पोट्टे संध्याकाळी पारावर मोबाईल घेऊन बसतात, आणि पहिला वाद मॅपवरूनच होतो. बीजीएमआय या गोळीबाराच्या मोबाईल गेममध्ये एरंगेल 8 बाय 8 किलोमीटरचा, सनहोक 4 बाय 4 चा. खेळाडू दोन्हीकडे 100 पर्यंत, म्हणजे सनहोकवर दाटी चौपट. तिथल्या बूटकॅम्प या ठिकाणी उतरल्या उतरल्या गोळीबार सुरू. झाडी इतकी की शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू येतात, म्हणून इअरफोन हवाच. डाव लवकर संपतो.

तरी माझं मत एरंगेललाच. तिथे जमीनच डावपेच शिकवते. दक्षिणेच्या बेटावरचा मिलिटरी बेस घ्या. लूट (बंदुका, गोळ्या) भरपूर, पण झोन, म्हणजे आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ, उत्तरेला सरकला की परतायला दोन पूल, नाहीतर बोट किंवा पोहणं. पुलावर कुणी दबा धरून बसलं असेल तर एकानं स्मोक (धुराचा बॉम्ब) टाकायचा, दुसऱ्यानं गाडी आडवी लावायची, बाकी दोघांनी मागून गोळीबार चालू ठेवायचा. कामं वाटून घेतली नाहीत तर चौघंही तिथेच आडवे होतात. पोचिंकी या गावात घराघरांतून लढाई, आणि गावाबाहेर पडलं की मोकळं रान, तिथे बंदुकीला लांबचा स्कोप (दुर्बीण) लागतो. एकाच डावात इतक्या तऱ्हा सनहोकवर मिळत नाहीत.

अडचण एकच: गाडी सापडली नाही तर नुसतं पळत राहावं लागतं, नवखा कंटाळतो. त्याचा हात आधी सनहोकवर बसू द्या, मग एरंगेलवर न्या.