एमपीसी सांगून एमपीडी गळ्यात मारला

सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे, कापून बीट बनवायला लागलेल्या कोकणातल्या पोरांसाठी लिहितोय. सेकंडहँड सामान मुंबईत, आपण इकडे. वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

मला नमनातला मृदंग आणि जाखडीची ढोलकी कापून बीट करायचे होते. जाहिरात दिसली: ‘अकाई एमपीसी, लॅपटॉपशिवाय चालतो, 24 हजार.’ लॅपटॉपशिवाय चालणारा एमपीसी म्हणजे सॅम्पलर: आवाज स्वतःच रेकॉर्ड करून रबरी पॅडवर (चौकोनी बटणांवर) वाजवणारं मशीन. फोटोत स्क्रीन दिसेना. विचारलं तर म्हणे, “भावा, जुनं मॉडेल आहे, जुन्याला स्क्रीन नसायची.” शुद्ध थाप. वाद्ययंत्रं डिझाइन करणाऱ्या रॉजर लिनने अकाई कंपनीसाठी केलेला पहिला एमपीसी60 आला 1988 मध्ये, त्यालाही स्क्रीन होती.

व्हिडिओ कॉलवर त्याने पॅड बडवून दाखवले. ड्रमचे किक, स्नेअर, सगळं खणखणीत. मागून एक वायर टेबलाखाली जात होती, ती म्हणे “पॉवरची”. अर्धे पैसे आधी घेतले, उरलेले ट्रॅव्हल्सच्या पावतीचा फोटो टाकून. पार्सल हातखंबा तिठ्यावर उतरवून घेतलं.

मशीनच्या नावावर कवटीचं स्टिकर होतं. नखाने खरवडलं, खाली निघालं एमपीडी218. हा नवाकोरा घेतला तरी 24 हजारांपेक्षा बराच स्वस्त पडतो. हेडफोन लावायला जागा नाही, मेमरी कार्डची खाच नाही, मागे यूएसबीचं तोंड तेवढं. ‘पॉवरची’ वायर टेबलाखालच्या लॅपटॉपला गेली होती, आवाज तिथूनच येत होता.

एमपीडी वाईट वस्तू नाही, पण तो कंट्रोलर आहे. सोळा पॅड दाबले की तो कॉम्प्युटरला फक्त मिडी सिग्नल पाठवतो, म्हणजे कुठलं पॅड किती जोरात दाबलं एवढाच निरोप. स्वतःचा आवाज शून्य, रेकॉर्डिंग शून्य. लॅपटॉप नसेल तर ठोकळा.

म्हणून कोणी सॅम्पलर विकत असेल तर कॉलवर एवढंच करायला लावा: पॉवर, माईक आणि थेट मशीनला लावलेला स्पीकर सोडून बाकी सगळ्या वायरी काढ, मशीनमध्ये तुझं नाव बोलून रेकॉर्ड कर, पॅडवर टाक, वाजव. खऱ्या सॅम्पलरवर हे दोन मिनिटांचं काम आहे. माईक नसेल तर फोनचा आवाज वायरने लाइन-इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या खाचेत) सोडायला सांगा. सबबी सुरू झाल्या की फोन ठेवा. नॉबही फिरवून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत राहिलेलं मशीन असेल तर खरखर लगेच ऐकू येते.

त्याने ‘सोबत टर्नटेबल देतो, थेट स्पीकरला लाव’ असंही गाजर दाखवलं होतं. टर्नटेबलमध्ये फोनो प्रीअँप (तबकडीचा क्षीण सिग्नल वाढवून सुधारणारं सर्किट) नसेल तर थेट लावून आवाज बारीक आणि पातळच येणार.

खरं तर सुरुवातीला फोनवरचं कोआला सॅम्पलर हे अॅप आणि वायरवाले हेडफोन पुरतात. ब्लूटूथ नको, पॅड दाबल्यावर आवाज उशिरा येतो आणि ताल चुकतो.

पैसे परत मिळालेले नाहीत. असं झालंच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, व्यवहाराचा यूपीआय क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम समोरच्या खात्यातून निघून जायच्या आत तक्रार गेली तरच ती गोठवता येते.