गरम गटापर्चाच्या नावाखाली माझे 37,590 रुपये गेले

आधी आकडे सांगतो. दवाखान्याला 37,590 रुपये दिले, ते निस्तरायला वर 19,000 लागले. दोन दातांपायी एकूण 56,590 रुपये. मी अमळनेर तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो. दाढेची आकृती, मूळ, नस, सगळं फळ्यावर काढून दाखवतो. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

मे महिन्यात डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली. आठवडाभर कळण्याची भाकरी उजव्या बाजूने चावली, मग जळगावला एका कामाला गेलो तेव्हा ‘मोफत तपासणी’चा बोर्ड दिसला म्हणून आत शिरलो. मोफत तपासणीत काय निघतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक दात दाखवायला गेलो, दोन खराब निघाले. शेजारचा दात कधी दुखलाच नव्हता, पण ‘त्याचीही नस गेलीय सर’.

मग तिथल्या एका पोराने फायलीतून रंगीत चित्रं बाहेर काढली. साधं रूट कॅनॉल, म्हणजे नस काढून मुळाची पोकळी भरणं, 4,000 रुपये दात. त्यात थंड पद्धतीने भरतात, म्हणे आत पोकळी राहते आणि दोन वर्षांत दात जातो. ‘थ्रीडी गरम गटापर्चा’ घेतलं तर त्यावर आणखी 6,500, पण आयुष्यभराची निश्चिंती.

गटापर्चा हा शब्द ऐकला आणि मी फसलो. कारण तो मला माहीत होता. मलायाकडच्या झाडाचा चीक, दाताच्या मुळात भरतात तोच, 1851 मध्ये इंग्लिश खाडीत टाकलेल्या टेलिग्राफच्या तारेवर त्याचंच आवरण होतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. तिथेही सांगितलं. तो पोरगा म्हणाला, ‘सर, तुमच्यासारखा पेशंट क्वचित येतो.’ एवढ्यावर मी फुगलो. अडाणी माणसाने निदान विचारलं तरी असतं की बाबा, साध्याने का नाही भागत?

हिशोब असा. दोन दात 10,500 प्रमाणे 21,000. झिरकोनियाच्या, म्हणजे धातू नसलेल्या पांढऱ्या, कॅप 9,000 प्रमाणे 18,000. शिक्षक म्हणून 2,000 सूट. राहिले 37,000. पैकी 7,000 रोख आणि 30,000 चं माझ्या नावावर ‘बिनव्याजी’ कर्ज, पाच-पाच हजारांचे सहा हप्ते. काउंटरवरच्या मुलीने माझाच मोबाइल हातात घेतला, ओटीपी विचारला, मी सांगितला. प्रोसेसिंगचे 590 कापल्याचा मेसेज घरी येताना गाडीत वाचला. आणि पावती म्हणून जो कागद दिला त्यावर ‘अंदाजपत्रक’ लिहिलं होतं. अंदाजपत्रक म्हणजे पावती नव्हे, एवढं तरी लक्षात ठेवा.

बायकोने त्याच रात्री विचारलं, ‘दात तुमना दुखस का त्यासना मशीनना?’ मी तिला गटापर्चा समजावून सांगत बसलो.

आता खरी जळणारी गोष्ट. भरायच्या दिवशी ते गरम करायचं यंत्र समोर ट्रेवर होतं, थर्माकोलच्या खोक्यात, वर प्लास्टिक तसंच. सगळं काम संपलं तरी ते तसंच होतं. भूल दिलेली, तोंड उघडं, बोलणार काय, असं मी स्वतःला सांगतो. पण मग तो एक्स-रे? शेवटी हातात ठेवलेल्या फिल्मवर ना माझं नाव, ना तारीख. दाढेत तीन पांढऱ्या रेघा मुळाच्या टोकापर्यंत गेलेल्या, एकदम झकास. आणि त्या दाढेच्या मागे आणखी दोन दाढा. दोन! माझी त्या बाजूची अक्कलदाढ 2016 मध्येच काढलेली आहे. मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, ‘छान’ म्हणालो आणि पिशवीत घातली. आजही रात्री हे आठवलं की उठून बसतो. बायको म्हणते, ‘अक्कलदाढ काढी टाकी, तव्हयच तुमनी अक्कल गयी.’

ऑक्टोबरात गाल सुजला. धुळ्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी, मध्ये आणि नंतर असे चार एक्स-रे काढले. मोठ्या दाढेत तीन कालवे, म्हणजे मुळातल्या नसेच्या नळ्या, भरलेला एकच, तोही अर्ध्यावर सोडलेला. उरलेले दोन उघडलेसुद्धा नव्हते. शेजारच्या दाताची कॅप कापली तर आत कापूस. नुसता कापूस! आणि झिरकोनिया म्हणून बसवलेल्या कॅपच्या आत चकचकीत धातू.

बाईंनी जे सांगितलं ते त्या जळगावच्या पोराने सांगायला हवं होतं. थंड पद्धत म्हणजे गटापर्चाची मुख्य कांडी मसाल्यात (फटी बुजवणाऱ्या लेपात) बुडवून बसवायची, अणकुचीदार हत्याराने बाजूला दाबायची आणि झालेल्या फटीत बारीक कांड्या भरायच्या. वर्षानुवर्षं चालत आलेली, चांगली पद्धत. गरम पद्धतीत कांडी तापवून मऊ करतात आणि वरून खाली ठासतात. थ्रीडी हा शब्दही खोटा नाही, शिल्डर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी 1967 मध्येच तीन मितींत भरण्याबद्दल लिहिलंय. हल्ली एकच कांडी आणि बायोसिरॅमिक मसाला असंही करतात. पण गरम आणि थंड यांची तुलना झाली तेव्हा दात टिकण्यात फारसा फरक दिसला नाही. उलट गरममध्ये माल मुळाच्या टोकाबाहेर जाण्याची शक्यता जास्त. खरं काम असतं ते सगळे कालवे शोधून आतून साफ करण्याचं. भरण टोकाच्या अलीकडे दोन मिलिमीटरच्या आत थांबलेलं एक्स-रेत दिसलं पाहिजे. बाईंनी भरलं थंड पद्धतीनेच, तोंडावर रबराचा पडदा लावून. जळगावला तो पडदा मी पाहिलाही नव्हता. दाढ पुन्हा करायचे 6,000, शेजारचा दात 4,000, साध्या कॅप 4,500 प्रमाणे 9,000. दुखणं थांबलं.

मात्र जळगावच्या कामाबद्दल लिहून द्या म्हटल्यावर बाईही गप्प झाल्या. ‘तोंडी काय ते सांगितलं, सर.’ एका डॉक्टरविरुद्ध दुसरा कागद देत नाही, हेही धरून चाला.

पोलिसांकडे गेलो. ‘दात भरला का नाही ते आम्ही कसं बघणार? ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा.’ सरकारी दवाखान्यात तज्ज्ञाचं मत मागायला गेलो तर म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हाच नाही तर पत्र कशाचं? हे दोन्ही दरवाजे मी तीनदा हिंडलो, तीन किरकोळ रजा त्यात गेल्या. दंतवैद्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली. उत्तर आलं, प्रतिज्ञापत्रासह पाठवा. पाठवलं. मग आलं, उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक कळवा. इथे मी अडकलो. बोर्डावर नाव एकाचं, माझी दाढ कोरली दुसऱ्याने, आणि त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं! पण बोर्डावरचं नाव तर तुमच्या रजिस्टरात आहे ना? त्यालाच विचारा की. नाही, ते अर्जदारानेच कळवायचं. चौथ्या पत्राला उत्तरच नाही. कर्जवाले म्हणतात ओटीपी तुम्हीच दिला, हप्ता थांबणार नाही. गाल सुजलेला असतानाही पाच तारखेला पाच हजार गेलेच. दवाखाना म्हणतो, ते डॉक्टर ‘व्हिजिटिंग’ होते, आता येत नाहीत.

तेव्हा दात उघडायच्या आधी, उघडणाऱ्याचं नाव विचारा. लाजू नका. एक्स-रेवर तुमचं नाव आणि तारीख घ्या आणि आपले दात त्यात मोजा. मोबाइल काउंटरवर देऊ नका.

ग्राहक आयोगात तक्रार शेवटी मीच लिहून दाखल केली. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पहिल्या तारखेला समोरचं कोणी आलं नाही, दुसरी पुढे ढकलली. पुरावा म्हणून ती फिल्म जोडलीय, सोबत 2016 ची अक्कलदाढ काढल्याची चिठ्ठी. ती जुन्या एलआयसीच्या फायलीत सापडली, बायकोने जपून ठेवलेली.