ब्रिज कमांड: गणपतीपासून शिमग्यापर्यंतच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. उथळ बंदरात खोल ड्राफ्टचं (ड्राफ्ट म्हणजे जहाजाचा पाण्याखाली बुडालेला भाग किती खोल जातो ते) मालवाहू जहाज धक्क्याला लावायचा सराव घरी बसून करायचा असेल, तर मी आजवर वापरलेल्या सिम्युलेटरांत ब्रिज कमांड सगळ्यांत उपयोगी ठरला. तो फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही व्यवस्थित चालतो. दिसायला साधा आहे. पाण्यावरची चमक, डेकवरची माणसं, क्रेनची हालचाल यासाठी कोणी येत असेल तर त्याची निराशा होईल. पण जहाजाच्या तळाखाली किती पाणी उरलंय या एका प्रश्नासाठी जो येईल, त्याला इथे महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम आहे.

याआधी मी एक विकतचा गेम खेळत होते. त्यातला सूर्यास्त पाहत राहावा असा, पण समुद्राला भरती-ओहोटीच नव्हती. बंदर दिवसभर एकाच पातळीवर. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला असं बंदर पटत नाही. आमच्याकडे घरातली जुनी माणसं पंचांगातली तिथी पाहून पाणी सांगतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास त्याच्या अगदी जवळ जातो, म्हणून हा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या टिकला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान. हे सगळं ज्या सिम्युलेटरमध्ये घालता येतं, तोच माझ्या दृष्टीने बंदराचा सिम्युलेटर.

ब्रिज कमांडमध्ये ते घालता येतं. प्रत्येक जगाची, म्हणजे सरावासाठी उभ्या केलेल्या बंदर-परिसराची, स्वतःची भरतीची फाइल असते. त्यात भरतीतला चंद्राच्या ओढीचा मुख्य घटक ताशी २८.९८ अंशांनी आणि सूर्याचा ताशी ३० अंशांनी फिरतो. हे दोन घटक एकमेकांवर चढले की उधाण, एकमेकांविरुद्ध गेले की भांग, आणि हा फेरा पावणेपंधरा दिवसांनी पुन्हा येतो. दिवसातून एकदाच फिरणारे घटकही मी घातले, कारण आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. मग तारखा बदलून पाणी कधी चढतं ते पंचांगाशी ताडून पाहिलं. वेळा जुळायला लागल्या तेव्हा मला फार आनंद झाला, आणि त्या दिवसापासून हा प्रोग्रॅम मी गंभीरपणे घेतला.

तळ तयार करण्याला सर्वांत जास्त वेळ गेला. जमीन आणि समुद्रतळ मिळून उंचीचं एक चौकोनी चित्र द्यावं लागतं. जितकं फिकट तितकं उंच, जितकं गडद तितकं खोल. समजा चित्राच्या एका बाजूला १०२५ ठिपके आहेत आणि जगाची रुंदी २० किलोमीटर ठेवली, तर एक ठिपका जवळजवळ २० मीटरचा होतो. धक्क्यापाशी एवढा मोठा ठिपका चालत नाही, त्यामुळे मी जग लहान ठेवलं: खाडीचं तोंड, बाहेरचा थोडा समुद्र, आतला धक्का, बस. तळाची माहिती जेब्को या जागतिक साठ्यातून फुकट मिळते, पण तिची जाळी अक्षांश-रेखांशाच्या १५ सेकंदांची, म्हणजे आपल्याकडे साधारण साडेचारशे मीटरची. बाहेरच्या समुद्राला ती पुरते. खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा तिच्यात दिसतच नाही, आणि जहाज टेकतं ते नेमकं तिथेच.

म्हणून माझी खाडी जयगडसारखी आहे, जयगड नव्हे. किनाऱ्याचा आकार आणि किल्ल्याची बाजू शास्त्री नदीच्या मुखासारखी, खोली मात्र मी सरावासाठी ठरवलेली. खऱ्या जयगडला बंदर बांधताना खोल ड्राफ्टचा विचार मुळातूनच झाला आहे. तिथे केपसाइझ जहाजं लागतात, म्हणजे ३०० मीटरच्या आसपास लांबी, ४५ मीटर रुंदी आणि पूर्ण भरल्यावर १८ मीटरच्या आसपास ड्राफ्ट. जयगड-तवसाळ फेरीबोटीतून जाताना त्या आकाराचं काही नजरेला पडलं, तर याला वळवत कसं असतील हा प्रश्न कोणालाही पडावा. मी मात्र सरावाला पॅनामॅक्स घेते: २२५ मीटर लांब, ३२ मीटर रुंद, ड्राफ्ट १४ मीटर. आणि तिच्यापुढे मुद्दाम कमी पाणी ठेवते.

आता त्या पाण्याचा हिशोब, कारण माझा सगळा अनुभव त्यातच आहे.

माझ्या चॅनलची नकाशावरची खोली साडेतेरा मीटर. जहाजाला हवेत चौदा. ओहोटीला आत जाणं अशक्यच. भरतीचे २.३ मीटर आले की एकूण १५.८ मीटर पाणी, म्हणजे तळाखाली १.८ मीटर. हे ऐकायला भरपूर वाटतं. पण जहाज चालायला लागलं की खालून पळणाऱ्या पाण्याचा दाब कमी होतो आणि जहाज खाली बसतं. याला स्क्वॉट म्हणतात. बॅरास यांचं सोपं सूत्र आहे: जहाजाचा ब्लॉक कोएफिशंट (पाण्याखालचा भाग चौकोनी ठोकळ्याच्या किती जवळचा आहे ते सांगणारा आकडा) गुणिले नॉटमधल्या, म्हणजे ताशी सागरी मैलांतल्या, वेगाचा वर्ग, उघड्या पाण्यात भागिले १००, अरुंद चॅनलमध्ये भागिले ५०. कोळसा-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या भरलेल्या बल्क जहाजाचा कोएफिशंट ०.८५ धरू. अरुंद पाण्यात १० नॉटला जहाज १.७ मीटर खाली बसतं, ६ नॉटला ६१ सेंटीमीटर. शिवाय अशी पोटफुगी जहाजं नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, जास्त बसतात.

जहाज एक अंश जरी कललं, तरी ३२ मीटर रुंदीला एका बाजूचा तळ २८ सेंटीमीटर खाली जातो. आणि कोकणात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे पाऊस. श्रावणात खाडीचं पाणी गोडसर होतं, पाणी हलकं झालं की जहाज जास्त बुडतं. पूर्ण गोड्या पाण्यात या आकाराचं जहाज ३० सेंटीमीटरच्या आसपास खाली जाईल. निमखाऱ्यात निम्मं धरू, १५. सगळं वजा केलं तर ६ नॉटला तळाखाली पाऊण मीटर उरतो. १० नॉटला काहीच उरत नाही, उलट ३३ सेंटीमीटर कमी पडतात. तोच चॅनल, तीच भरती, तीच घटका. फरक फक्त वेगाचा. कललेली कड आणि बसलेली नाळ या दोन वेगळ्या जागा आहेत, त्यामुळे सरसकट बेरीज करणं जरा जास्तच सावधपणाचं होतं हे मला माहीत आहे; पण बाहेरच्या लाटेसाठी मी वेगळं काही धरलेलं नाही, तेव्हा तो सावधपणा राहू द्यावा असं माझं मत.

हा हिशोब मी प्रोग्रॅमवर सोपवत नाही. आधी वहीत करते, ठरवलेल्या वेगाचा स्क्वॉट जहाजाच्या फाइलमधल्या ड्राफ्टमध्ये मिळवते आणि मग सराव सुरू करते. खोली दाखवणारा आकडा समोर असतोच. तो उतरायला लागला की हात आपोआप इंजिनकडे जातो. नव्याने घेणाऱ्यांनी ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी.

माझे चुलते मिरकरवाड्यात तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख, होते. एकदा शेजारी बसून त्यांनी पूर्ण फेरी पाहिली. त्यांना रडार वगैरेत रस नव्हता. मी पूर्ण भरतीच्या क्षणाला चॅनलमध्ये शिरायचं ठरवलं होतं, त्यावर ते म्हणाले, "अगो, तासभर आधी शीर. पाणी चढताना टेकलीस तर सुटशील, उतरताना टेकलीस तर बस तिथेच." मोठ्या जहाजांनाही हाच नियम लागू आहे. आणि नुसतं वादळ आलं तरी काय होतं हे रत्नागिरीकरांनी २०२० च्या जूनमध्ये पाहिलंय, निसर्ग चक्रीवादळात एक तेलवाहू जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं तेव्हा. आता मी चढत्या पाण्यावरच आत येते आणि धक्क्याला लागेपर्यंत पाणी जवळजवळ थांबलेलं असेल असं वेळापत्रक मांडते. वेळ पुढे पळवायची सोय आहे, त्यामुळे बाहेर नांगरावर वाट पाहणंही खेळाचाच भाग होतं.

प्रत्यक्ष धक्क्याला लावताना सर्वांत जास्त शिकवलं ते पंख्याने, म्हणजे प्रोपेलरने. उजव्या हाताचा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा) एकच पंखा असलेलं जहाज मागे इंजिन दिलं की पिछाडी डावीकडे ओढतं आणि नाळ उजवीकडे जाते. ही ओढ पुढच्या आणि मागच्या गतीसाठी फाइलमध्ये वेगवेगळी ठरवता येते, हे मला फार आवडलं. त्यामुळे डावी बाजू धक्क्याला लावायची असेल तर थोड्या कोनात यायचं, शेवटी मागे इंजिन द्यायचं, आणि जहाज थांबता थांबता स्वतःच धक्क्याला समांतर होतं. उजवी बाजू लावायची असेल तर हीच ओढ विरुद्ध जाते, तिथे कोन जवळजवळ ठेवूच नये. उथळ पाण्यात जहाज उशिरा वळतं, उशिरा थांबतं आणि वळायला जास्त जागा खातं, हे गृहीत धरून प्रत्येक हुकूम जरा आधीच द्यावा लागतो.

टगसाठी, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीसाठी, मी एक सोय काढली आहे. एवढ्या मोठ्या बल्क जहाजाला सहसा स्वतःचा बो थ्रस्टर (नाळ आडवी ढकलणारा पंखा) नसतो. म्हणून नाळेकडच्या आणि पिछाडीच्या थ्रस्टरचं बल मी टगइतकं ठेवते. ५० टन ओढीचा टग म्हणजे सुमारे ४९० किलोन्यूटन. टग मागवल्यापासून जोर येईपर्यंत वेळ जातो, तो मी मनातल्या मनात मोजते. शेवटच्या वीस-पंचवीस मीटरांत आडवा वेग सेकंदाला १०-१५ सेंटीमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. वेग दुप्पट झाला की फेंडरवरची (धक्क्याला लावलेल्या रबरी गादीवरची) ऊर्जा चौपट होते, आणि लाखभर टनांचं जहाज सेकंदाला १५ सेंटीमीटरनेसुद्धा दहा लाख ज्यूलपेक्षा जास्त घेऊन येतं.

विजयदुर्गाची वाघोटन खाडी पाहिलेल्या माणसाला हे सगळं आणखी जवळचं वाटेल. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं कमी पाण्यात तरंगत, खोल तळाची इंग्रजी जहाजं त्यांच्यामागे खाड्यांत शिरू शकत नसत. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तो वेगळा इतिहास. पण त्याआधीची कित्येक वर्षं आंग्र्यांना या ड्राफ्टच्या फरकाची मोठी साथ होती असं मला ठामपणे वाटतं.

बाकीचं थोडक्यात. कीबोर्डवर भागतं, पण इंजिन आणि सुकाणूसाठी जॉयस्टिक घेतली तर हात स्थिर राहतो. ओपन-सीपीएन हा फुकटचा नकाशा-प्रोग्रॅम जोडता येतो, तो दुसऱ्या स्क्रीनवर ठेवा. धक्क्याजवळ ब्रिजच्या टोकावरून खाली पाहायची सोय सतत वापरा. बोये, दिवे, इतर जहाजं साध्या मजकुराच्या फाइलींत लिहायची असतात. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी जमतं, चिकाटी मात्र हवी. तयार बंदर उघडून लगेच खेळायचं असलेल्यांनी दुसरं काही पाहावं. अशा घरगुती जगाच्या भरवशावर प्रत्यक्ष होडीही हाकू नये. त्यासाठी डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे नकाशे आणि सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं आहेत.

आता धरमतरची खाडी काढायला घेतली आहे. जयगडला मोठ्या जहाजांतून उतरलेला कोळसा आणि लोहखनिज लहान बल्क जहाजांतून तिथे, अंबा नदीच्या मुखातून आत, डोलवीला जातं. ड्राफ्ट कमी, पण काठ दोन्ही बाजूंनी जवळ. जवळच्या काठाकडे पिछाडी ओढली जाते आणि नाळ दूर फेकली जाते, त्याची गणितं वहीत मांडून झाली आहेत. भरतीचा पल्लाही तिथे रत्नागिरीपेक्षा बराच मोठा, त्यामुळे भरतीची फाइल पहिल्यापासून लिहावी लागतेय.