छातीचा पट्टा की मनगटी घड्याळ?
व्यायाम करताना हृदयाचे ठोके मोजणारी ही दोन साधने एकाच कामाची वाटली, तरी ती मोजतात मात्र वेगवेगळ्या गोष्टी. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत त्वचेवरून थेट टिपतो, तर घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणाऱ्या प्रकाशात पडणाऱ्या फरकावरून ठोक्यांचा अंदाज बांधते.

संथ चालीत हा फरक फारसा जाणवत नाही. तो उघडा पडतो जोरकस धावांच्या फेऱ्यांमध्ये: पट्ट्याचा आकडा १२० वरून १६५ कडे झपाट्याने सरकतो, घड्याळ मात्र रेंगाळते आणि धावणारा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागल्यावर कुठे वर चढते. सैल बांधलेले घड्याळ तर कधी कधी पावलांची लयच नाडी समजून बसते. डंबेलवरची घट्ट मूठ, थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि मनगटावरचे गोंदण यांनीही त्याचे मोजमाप बिघडू शकते.

पट्ट्याची कटकट वेगळी आहे. कोरड्या त्वचेवर तो चुकतो, म्हणून बांधण्यापूर्वी त्याची आतली बाजू ओली करावी लागते. शिवाय घामेजलेला पट्टा न धुता ठेवला, तर त्याचा वास घरभर होतो. दिवसरात्र नाडीची नोंद ठेवायला घड्याळच सोयीचे.

रोज नुसते चालायला जाणाऱ्याने पट्ट्यावर खर्च करू नये, असे मला वाटते. नाडीचे टप्पे पाळून सराव करणाऱ्या धावपटूने मात्र पट्टाच घ्यावा. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारी औषधे, घेणाऱ्यांना कमाल ठोक्यांचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र लागू पडत नसल्याने त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी, मग साधन कोणतेही असो.